शेतातला नांगर, खाडीतला नांगर

गेल्या फेब्रुवारीत, अमावास्येच्या रात्री, विजयदुर्गच्या खाडीत माझी होडी नांगरासकट चालायला लागली. उधाणाची भरती बाराच्या सुमारास भरली होती. ओहोट लागली तशी होडी जागच्या जागी फिरली आणि तिचं तोंड समुद्राकडून खाडीच्या आत झालं. त्यात रात्रीचा मतलई वारा जमिनीकडून सुटलेला. पाणीही बाहेर ओढतंय आणि वाराही बाहेरच ढकलतोय. एक वाजता मी जागा झालो, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर जाऊन ताणलेल्या दोराला हात लावला. धरलेल्या नांगराचा दोर ताठ आणि मुका असतो. हा थरथरत होता, मधेच सैल पडत होता, पुन्हा ओढला जात होता. किल्ल्याच्या बाजूचे खडक टॉर्चच्या उजेडात दिसायला लागले होते.

इंजिन सुरू झालं म्हणून वाचलो. शेजारी उभ्या असलेल्या मच्छीमार नौकेवरच्या तांडेलानं, म्हणजे नौकेच्या प्रमुखानं, दोर फेकला आणि उजाडेपर्यंत आम्ही त्याच्या कडेला बांधून राहिलो. सकाळी त्यानं माझा नांगर हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "ह्यो कातळाचो नांगर. हंय खाली चिखल आसा. ह्येका धरूक काय गावतला?"

माझी होडी २४ फुटांची, फायबरची, शिडाची. सामानासकट साधारण दोन टन. मी राहतो कोल्हापुरात, रंकाळ्यापासून चालत पाच मिनिटांवर, आणि होडी असते विजयदुर्गला. गगनबावड्याहून घाट उतरून वैभववाडी, तळेरे करत साडेतीन-चार तास लागतात. होडी जुनी घेतली तेव्हा तिच्याबरोबर चार दात्यांचा, मिटवता येणारा ८ किलोचा नांगर आला होता. पाच मीटर साखळी आणि पुढे निळा प्लास्टिकचा दोर. नाळेवर रोलर, म्हणजे दोर-साखळी ज्यावरून सरकते ते चौकटीतलं चाक, नव्हताच. दोर एका ओतीव कडीतून जायचा आणि त्या कडीची आतली धार इतकी तीक्ष्ण होती की त्या रात्रीनंतर पाहिलं तर दोराचे एका बाजूचे जवळजवळ निम्मे धागे तुटलेले. म्हणजे नांगरानं धरलं असतं तर दोर गेला असता. नांगर बदलायचा तर नाळेपासून सगळंच बदलायचं, हे त्या सकाळी ठरलं.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर चढवलेली असते, त्यामुळे विचार करायला चार महिने मिळाले. मला वाटतं नांगर निवडताना पहिला प्रश्न वजनाचा नसावा. खाली काय आहे आणि पाणी दिवसातून किती वेळा दिशा बदलतं, हे आधी विचारावं. आमच्या खाडीत तळाला चिखल आणि वाळू आहे, आणि दर सहा तासांनी प्रवाह उलटा फिरतो. म्हणजे नांगर एका दिशेनं रुतून भागत नाही. होडी फिरली की त्याला उपटून पुन्हा रुतावं लागतं, तेही मी झोपेत असताना.

चार दात्यांचा नांगर खडकात अडकतो, पण चिखलातून काट्यासारखा चिरत जातो, कारण त्याला पृष्ठभागच नाही. डॅनफोर्थ जातीचा, दोन रुंद चपट्या पात्यांचा नांगर वाळूत आणि चिखलात वजनाच्या मानानं फार जोरात धरतो. पण ओढ उलटी झाली की तो निघून येऊ शकतो, आणि निघाल्यावर पात्यात साखळी किंवा दगड अडकला तर पुन्हा रुततच नाही. सीक्यूआर हा बिजागरीचा, शेतातल्या नांगरासारखा दिसणारा नांगर जेफ्री टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९३३मध्ये काढला. बिजागरीमुळे होडी फिरली तरी दांडा फिरतो आणि फाळ जागेवर राहतो, अशी त्यामागची कल्पना. मऊ चिखलात मात्र तो नांगरणी करत सावकाश सरकतो, असा अनेकांचा अनुभव आहे. ब्रूसचा पंजासारखा एकसंध नांगर १९७०च्या दशकातला. तो पटकन रुततो, पण धरण्याची ताकद हवी तर वजन वाढवावं लागतं.

त्यानंतरची पिढी खोलगट फाळाची. फ्रान्समधला १९९०च्या दशकातला स्पेड, मग न्यूझीलंडच्या पीटर स्मिथ यांचा रोक्ना. फाळ फावड्यासारखा आत वळलेला, टोक जड. रोक्नाला मागे एक कमान असते, तिच्यामुळे नांगर उलटा पडला तरी लोळून सरळ होतो आणि टोक जमिनीला लागतं. ही कमान त्याआधी जर्मन ब्यूगेल नांगरावर आली होती. कागदावर मला हा प्रकार पटला होता. पण हजारो रुपये घालण्याआधी डोळ्यांनी बघायचं होतं.

माझ्या चुलत्यांची, तात्यांची शेती कळ्याच्या पुढं आहे, गगनबावड्याच्या वाटेवर. जुलैत भातलावणीच्या आधी चिखलणी झालेलं शेत आणि ओहोटीची खाडी यांत दिसायला फार फरक नसतो. माझा जुना नांगर, गोव्याच्या मित्राकडून आणलेला ७ किलोचा डॅनफोर्थ, आणि आणखी एका होडीवाल्यानं आठ दिवसांसाठी दिलेला १० किलोचा कमानीचा नांगर असे तीन नांगर मी पिकअपमध्ये टाकून नेले. गुळाच्या गोदामातून लटकवायचा डिजिटल काटा मागून घेतला. काट्याचं एक टोक ट्रॅक्टरला, दुसरं दोराला, आणि ट्रॅक्टर बांधावरच्या कोरड्या रस्त्यावर.

तात्यांनी तिन्ही नांगर उचलून, उलटेपालटे करून पाहिले. त्यांच्या गोठ्यात अजून जुना लोखंडी नांगर पडलेला आहे, किर्लोस्करांचा. लोखंडाची टंचाई झाली तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या जुन्या तोफा नांगरांसाठी वितळवायला दिल्या, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात, आणि तात्यांना ती सांगितल्याशिवाय त्या नांगराला हात लावता येत नाही. ती सांगून झाल्यावर त्यांनी कमानीच्या नांगराच्या टोकावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "ह्याला वढणार कुठनं? वरनं का लांबनं?"

मी दोराच्या लांबीचं गणित सांगायला लागलो. त्यांनी मधेच थांबवलं. "आरं, हे तर आमचंच हाय. जू जवळ घेतलं की फाळ उचलतोय, वरच्यावर चालतोय. जू लांब घेतलं की खाली घुसतोय. हळस किती लांब सोडायची त्याच्यावर हाय सगळं."

दोराच्या लांबीचं इतकं नेमकं स्पष्टीकरण मी कुठे वाचलेलं नाही. लाकडी नांगरात बैलाच्या मानेची उंची ठरलेली असते. जू जितकं लांब, तितकी हळस, म्हणजे नांगरापासून जुवापर्यंतची लांब दांडी, आडवी आणि फाळाचं टोक तितकं खाली. होडीत नाळेची उंची आणि पाण्याची खोली ठरलेली असते. दोर जितका जास्त सोडावा, तितकी ओढ जमिनीला समांतर होते आणि फाळ खाली जातो. दोर आखडला की तीच ओढ वर जाते आणि आपण आपल्याच हातानं नांगर उपटतो.

जुना नांगर काट्यावर ४० किलो दाखवण्याच्या आतच सरकायला लागला आणि मागे चार सरळ रेघा उमटवत बांधापर्यंत आला. डॅनफोर्थ पहिल्या ओढीत सुंदर रुतला, काटा १८०पर्यंत गेला. मग ट्रॅक्टर शेताच्या पलीकडच्या बांधावर नेऊन उलट ओढलं. तो निघाला, एका पात्यात साखळीची गुंडाळी अडकली आणि तसाच चिखलावर घसरत आला. कमानीचा नांगर मुद्दाम उलटा टाकला. दोन हात सरकून तो कुशीवर लोळला, टोक आत गेलं आणि मग नुसती कमान वर राहिली. काटा २००च्या पुढे गेल्यावर तात्या ट्रॅक्टर थांबवायला सांगत होते, दोराची भीती वाटून. उलट ओढल्यावर तो जागच्या जागी वळला, हातभर सरकला आणि पुन्हा गेला आत.

हे आकडे खाडीला लावायचे नाहीत. भातशेतात वीतभर चिखलाखाली कठीण थर असतो, खाडीत तसा नसतो. मला आकडा नको होता, वागणूक पाहायची होती, आणि ती दिसली. १० किलोचा नवा, गॅल्व्हनाइज केलेला नांगर मुंबईहून मागवला.

कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या वर्कशॉपमधले मिस्त्री म्हणाले होते, "नमुना द्या, आठ दिवसांत बनवून देतो." ते बनवूही शकतात. कोल्हापूरच्या कारागिरांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरी मी नांगर बाहेरूनच घेतला. दांड्यावर आडवा ताण येतो तेव्हा साधं स्टील वाकतं, तिथे जास्त ताकदीचं स्टील लागतं. टोकाचं वजन आणि फाळाचा कोन यांत थोडा फरक पडला तरी नांगर रुतत नाही. तो धोका मला घ्यायचा नव्हता. रोलर मात्र उद्यमनगरातच करायचा, हे आधीपासून पक्कं होतं.

नांगर यायच्या आधी मी त्याच्या मापांवरून पुठ्ठ्याचा नांगर कापला, अगदी पूर्ण आकाराचा, कमानीसकट. विजयदुर्गला जाऊन तो नाळेवर धरून बघितला, आणि हे केलं नसतं तर सगळं फसलं असतं. नाळेच्या मधोमध फोरस्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारी तार, आणि तिच्या भोवती स्टीलचा कठडा. रोलर मधोमध बसवला तर नांगराची कमान कठड्यावर आदळत होती. उजवीकडे ९० मिमी सरकवला तर दोन बोटं जागा राहत होती. रोलर नाळेच्या पुढे १७० मिमी काढावा लागणार होता, नाहीतर नांगर वर येताना झोका घेऊन फाळाचं टोक थेट फायबरमध्ये घुसलं असतं. आतली रुंदी ६२ मिमी ठेवली. दांडा अवघा १२ मिमी जाड असतो, पण त्याच्या टोकाचा शॅकल, म्हणजे साखळी जोडायची कडी, पिनसकट रोलरमधून गेला पाहिजे.

बाजूच्या पट्ट्या ६ मिमी स्टेनलेसच्या. पुढचे काठ बाहेर वळवून गोल केलेले, कारण होडी वाऱ्यावर डावी-उजवी झुलते तेव्हा दोर रोलरवरून बाजूच्या काठावर येतो. काठ धारदार असेल तर माझ्या जुन्या कडीचीच गोष्ट पुन्हा. वरून आडवी पिन, लाटेत साखळी उडून बाहेर पडू नये म्हणून.

इथे पहिली फसगत झाली. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ स्टेनलेस हवं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि क्लोराइडच्या खड्डे पाडणाऱ्या गंजाला तेच थोपवतं. मी प्लेट ३१६ म्हणूनच विकत घेतली, बिलावरही तसंच लिहिलेलं. मिस्त्रींनी प्लेट हातात घेतली आणि नुसतं म्हणाले, "एकदा तपासून घ्या." चुंबकानं हे कळत नाही, स्वस्तातलं ३०४ आणि ३१६ दोन्हींना चुंबक चिकटत नाही. पण कोल्हापुरात एवढ्या फौंड्र्या आहेत. शिरोलीतल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये मित्र आहे, त्यानं तुकडा स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर ठेवून ठिणगी मारली. अर्ध्या मिनिटात पडद्यावर आकडे. क्रोमियम १८, निकेल ८, मॉलिब्डेनम ०.१. सरळसरळ ३०४. मी प्लेट परत केली, वाद घालून पैसे परत घेतले, आणि दुसरीकडून आणलेली प्लेट आधी लॅबमध्ये नेली, मग वर्कशॉपमध्ये. तिच्यात मॉलिब्डेनम २.१ निघालं. समुद्रावर जाणारं स्टेनलेस कुणीही घेत असेल तर त्याला मी हेच सांगेन. बिलावर जाऊ नका, ठिणगी मारून घ्या.

आर्गन वेल्डिंग ३१६एलच्या फिलरनं केलं. वेल्डिंगच्या कडेला जो निळा-तपकिरी रंग येतो तो पिकलिंग पेस्ट लावून काढून टाकला. तो तसाच ठेवला तर गंज तिथूनच सुरू होतो, मग प्लेट कितीही चांगली असो.

चाकाची गोष्ट मला जास्त शिकवून गेली. पहिलं चाक आम्ही नायलॉनचं केलं, ७५ मिमी व्यासाचं, मधे साखळीसाठी खोल खाच, जेणेकरून एक कडी उभी आणि पुढची आडवी बसत जाईल. टर्नरनं पिनवर इतकं सुरेख बसवलं की बोटानं फिरवलं तर आवाज नाही, हलणं नाही. बघत राहावं असं काम. मी घरी आणून ते पिनसकट मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं. आठ दिवसांनी काढलं तर चाक पिनवर गच्च. दोन्ही हातांनी फिरेना. नायलॉन पाणी पितो आणि फुगतो, आणि मोकळी जागा मुळातच कमी होती.

बादली घेऊन तसाच उद्यमनगरात गेलो. मिस्त्रींनी चाक फिरवून पाहिलं, फिरलं नाही, तेव्हा चहा बाजूला ठेवला. त्यांच्या शेल्फवर डेलरीनचा, म्हणजे एका कठीण प्लास्टिकचा दांडा होता, पंपाच्या कामासाठी आणलेला. डेलरीन पाणी फारच कमी शोषतं. त्याचं दुसरं चाक केलं आणि १२ मिमी पिनसाठी भोक साडेबारा मिमी ठेवलं. मिस्त्रींना ती ढिलाई मनापासून पटत नव्हती. आयुष्यभर ज्यानं फिट घट्ट बसवायचं शिकवलं, त्याला खडखडणारं चाक द्यायला लावणं मलाही जड गेलं. पण तेही आठ दिवस बादलीत ठेवलं, वर मूठभर वाळू टाकून. काढल्यावर एका बोटानं फिरलं.

साखळी ८ मिमीची घेतली, २० मीटर. मीटरला साधारण १.४ किलो, म्हणजे २८ किलो वजन नाळेत वाढलं. २४ फुटी होडीला याहून जास्त नको, नाळ खाली जाते आणि लाटेत पाणी घेते. पुढे १४ मिमीचा तीन पदरी नायलॉनचा दोर, ४० मीटर. इथे नायलॉनच हवा, तो ताणला जातो आणि झटके गिळतो. जुना निळा दोर तरंगायचा आणि ताणाखाली काठीसारखा वागायचा. शॅकल गॅल्व्हनाइज केलेला, पिन तारेनं बांधलेली, कारण होडी रात्रभर झुलते आणि न बांधलेली पिन हळूहळू फिरत सुटते. दोराचं शेवटचं टोक कप्प्यात बारीक दोरीनं बांधलेलं, वेळ आलीच तर सुरीनं कापता येईल असं.

गणितही नव्यानं मांडलं. त्या रात्री मी संध्याकाळच्या ओहोटीला साडेतीन मीटर पाणी बघून २० मीटर दोर सोडला होता, पाचपटीहून जास्त, आणि निर्धास्त झोपलो होतो. उधाणाला पाणी अडीच मीटर चढलं, नाळ पाण्यापासून एक मीटर वर, एकूण सात. म्हणजे मध्यरात्री माझ्याकडे तिपटीपेक्षाही कमी दोर होता. आता भरतीचं पाणी आणि नाळेची उंची धरून सहापट सोडतो. सातला बेचाळीस.

ऑक्टोबरमध्ये दसऱ्यानंतर बसवायला गेलो. डेक दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्सा लाकूड घातलेला आहे. जुन्या कडीचे स्क्रू काढून ड्रिल घातलं तर पांढरा कोरडा भुसा यायला हवा होता, आला ओला, काळपट, गाळलेल्या चहापत्तीसारखा. त्याला कुजलेल्या लाकडाचा वास. कुणीतरी कधीतरी स्क्रू नुसतेच पिळले होते आणि कित्येक पावसाळे पाणी आत मुरत राहिलं होतं. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून भोकाभोवतीचं कुजलेलं लाकूड खरवडून काढलं. दोन दिवस ऑक्टोबरच्या उन्हात उघडं ठेवलं, रात्री आत बल्ब लावला. मग घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन त्या घट्ट इपॉक्सीतूनच १० मिमीची भोकं पाडली. आता बोल्टच्या कडेनं पाणी झिरपलं तरी त्याला लाकूड भेटत नाही.

डेकच्या खाली १० मिमी जाड ग्लास-इपॉक्सीची पट्टी घातली, जेणेकरून चार बोल्टांचा ताण एका हातभर जागेवर पसरेल. वॉशरवर भागवलं तर पहिल्या वादळात वॉशर डेकमधून वर येतात. रोलरखाली पाणी अडवणारी चिकट ब्यूटाइल टेप. ती सावकाश दाबत न्यावी लागते, म्हणून नट तीन दिवसांत थोडे थोडे आवळले. स्टेनलेसचे नट-बोल्ट कोरडे आवळले तर आपसात चिकटून बसतात, मग ग्राइंडरशिवाय सुटत नाहीत. आट्यांना ग्रीस लावलंच पाहिजे. आणि रोलर फक्त दिशा देतो. ताण घेतो तो क्लीट, म्हणजे दोर बांधायचा डेकवरचा खुंटा, त्याच्याही खाली तशीच पट्टी घातली.

नोव्हेंबरच्या पौर्णिमेला त्याच जागी, त्याच खाडीत नांगर टाकला. उधाण होतंच. ४२ मीटर सोडून इंजिन सावकाश मागे घेतलं, दोर ताणला, हात लावला. ताठ आणि मुका. बुरुजाची कड आणि मागच्या एका माडाचा शेंडा एका रेषेत धरून ठेवलं. साडेबाराला ओहोट लागली, होडी फिरली, साखळी तळावर एकदा खरखरली आणि थांबली. चांदण्यात माड बुरुजाच्या कडेलाच होता. तीनला पुन्हा उठून पाहिलं, तेव्हाही होता. तांडेलाच्या नौकेवरून कुणीतरी हात केला.

सकाळी काढताना नांगर सहज येईना. दोर सरळ उभा करून क्लीटला बांधला आणि लाटेला तेवढं काम करू दिलं. पाचव्या-सहाव्या लाटेला तो सुटला. फाळात करड्या चिखलाचा गोळा भरलेला, पाटीभर तरी असेल, त्यात शिंपल्यांचे तुकडे. रोलरवर चढताना कमान कठड्याच्या खालून गेली, पुठ्ठ्यानं दाखवली होती तेवढीच दोन बोटं जागा ठेवून. चिखल धुण्याआधी मी त्याचा फोटो काढून तात्यांना पाठवला. त्यांचा फोन आला, "केवढा सोडला होतास?" बेचाळीस म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी किती होतं?"